सिव्हिलचं शिक्षण आणि आपलं खान्देश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. साक्री, शहादा, चोपडा, पारोळा, कुठूनही. कोणी भाचीसाठी विचारतं, कोणी शेजारच्या मुलासाठी. मी पांझरेकाठच्या गावात वाढलो, सिव्हिल शिकलो, कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर बरीच वर्षं काढली आणि आता शिकवतो. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत. ती मुद्दामच लांबवली, कारण फोनवर एवढं बोलून होत नाही.

"पोऱ्याले सिव्हिलले टाकू का?"

पहिला प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा याच भाषेत. त्यावर मी उलट विचारतो: रस्त्याने जाताना पुलाचं काम चालू दिसलं तर तो थांबून बघतो का? गावात विहिरीचं बांधकाम चालू असेल तर काठावर जाऊन उभा राहतो का? राहत असेल तर बिनधास्त टाका. मार्क थोडे इकडेतिकडे असले तरी निभावतं. कॉम्प्युटरला नंबर लागला नाही म्हणून इकडे आलेली मुलं मी दरवर्षी पाहतो. त्यातली काही सर्व्हे कॅम्पला जाऊन आली की रमतात. काही मात्र शेवटपर्यंत पाहुण्यासारखी राहतात, आणि चार वर्षं पाहुणा म्हणून काढायला फार होतात.

फक्त सिव्हिलचं असं विद्यापीठ असतं का?

परदेशात आहेत. मॉस्कोचं बांधकाम विद्यापीठ १९२१ पासून चालतं, बुखारेस्टचं १९४८ पासून, हनोईचं १९६६ पासून. त्याच्याही खूप आधी, १७४७ साली, फ्रान्सच्या राजाने पॅरिसमध्ये पूल आणि रस्ते बांधणाऱ्यांसाठी वेगळी शाळा काढली. ती आजही चालू आहे. भारतात नुसत्या सिव्हिलचं विद्यापीठ नाही. पण आपल्याकडचं अभियांत्रिकीचं पहिलं विद्यापीठ ज्या संस्थेतून उभं राहिलं, तिच्या नावातच सिव्हिल होतं. ती म्हणजे रुरकी.

सिव्हिल म्हणजे दिवाणी, मग बांधकामाला हे नाव कसं?

जुन्या काळी इंजिनिअर म्हटलं की लष्कराचाच माणूस. किल्ले, खंदक, सुरुंग हे त्याचं काम. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनसारखे लोक दीपगृहं, कालवे, बंदरं बांधू लागले आणि लष्करापासून वेगळं ओळखू यावं म्हणून स्वतःला 'सिव्हिल' म्हणजे नागरी इंजिनिअर म्हणवू लागले. लंडनमधली त्यांची संस्था १८१८ साली निघाली. मराठीत आपण स्थापत्य म्हणतो, पण साइटवर सगळे सिव्हिलच म्हणतात.

भारतात हे शिक्षण कुठून सुरू झालं?

१८३७-३८ मध्ये गंगा-यमुनेच्या दुआबात भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर गंगेचा कालवा काढायचं ठरलं आणि १८४२ मध्ये खोदकाम सुरू झालं. प्रमुख होते प्रोबी कॉटली. कालवा एवढा मोठा की त्यावर देखरेख करणारी, पातळ्या काढणारी, हिशेब ठेवणारी माणसं पुरेनात. विलायतेहून किती आणणार? म्हणून १८४७ मध्ये कालव्याच्या काठीच, रुरकीला, कॉलेज काढलं. १८५४ मध्ये त्याला प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर थॉमसन यांचं नाव मिळालं: थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज. कालव्यात पाणीही त्याच वर्षी सोडलं. रुरकीजवळ सोलाणी नदीवरून हा अख्खा कालवा पुलावरून नेला आहे. वर कालवा, खाली नदी. मुलांना शिकायला तेवढं एक काम पुरेसं होतं.

१९४९ मध्ये रुरकी विद्यापीठ झालं आणि २००१ मध्ये आयआयटी. पण मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी दुष्काळ, मग काम आणि कामाच्या गरजेतून कॉलेज. आपल्याकडे पुढे हा क्रम उलटला. कॉलेजं आधी आली आणि त्यांचं आजूबाजूच्या कामांशी नातं जोडायचं राहून गेलं. या पानावर मी जे काही लिहितो आहे, त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीवर येऊन थांबतं.

पुण्याचं कॉलेज कशासाठी निघालं?

कारकुनी नव्हे, पण दुय्यम कामासाठी. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. घाट फोडायचे होते, पूल, धरणं, कालवे, सरकारी इमारती बांधायच्या होत्या. साहेबाच्या हाताखाली काम करणारे ओव्हरसियर हवे होते. म्हणून जुलै १८५४ मध्ये 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. १८६६ मध्ये ते पूना सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज झालं आणि मुंबई विद्यापीठाशी जोडलं गेलं. मधला काही काळ कॉलेज ऑफ सायन्स, १९११ पासून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, आणि २०२२ मध्ये सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ. हाताखालची माणसं घडवायला काढलेल्या वर्गाचं आज स्वतंत्र विद्यापीठ झालं आहे. त्या काळी इथे जी परीक्षा द्यावी लागे, तिचं नाव एलसीई, म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग.

खान्देशातून तेव्हा पुण्याला शिकायला जाणं म्हणजे केवढं दिव्य होतं, याची कल्पना करा. रेल्वे आपल्याकडे १८६० च्या दशकात आली. भुसावळहून एक फाटा नागपूरकडे गेला, दुसरा खंडव्यावरून जबलपूरला, आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली ती याच वाटेने. एवढं मोठं जंक्शन आपल्या दारात होतं, पण ते बांधायला शिकवणारी शाळा सव्वादोनशे मैलांवर होती.

विश्वेश्वरय्यांचा खान्देशाशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि आपल्याकडे तो फार थोड्यांना ठाऊक असतो. १५ सप्टेंबरला सगळी कॉलेजं अभियंता दिन साजरा करतात, फोटोला हार घालतात. तो दिवस ज्यांच्या जन्मदिवसाचा, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेजातून पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांना खान्देशात यावं लागलं. पांझरेच्या एका प्रवाहातून पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन बांधणं हे त्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक.

सायफन म्हणजे काय ते सांगतो. पाट नदीपाशी आला की दोन वाटा असतात. एक तर रुरकीसारखा पुलावरून न्यायचा, नाहीतर नळात घालून नदीच्या तळाखालून न्यायचा. नळ अलीकडे खाली उतरतो, तळाखालून जातो आणि पलीकडे पुन्हा वर येतो. मोटार लागत नाही. पलीकडचं तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडं खाली ठेवलं की पाणी आपोआप वर चढतं. ते 'थोडं' किती, हे काढता येणं म्हणजे इंजिनिअरिंग. नळात घर्षणाने जेवढा दाब खर्च होईल, त्याहून जास्त फरक दोन्ही तोंडांत हवा. आणि पुराच्या वेळी नदी नळाखालची वाळू उकरून नेते, म्हणून तो पुरेसा खोल गाडावा लागतो. तेवीस-चोवीस वर्षांचा, नुकता पास झालेला मुलगा हे पांझरेत शिकला. पुढे खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, नीरा कालव्यावरची पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत, कृष्णराजसागर आणि १९५५ चं भारतरत्न. त्याची पहिली प्रयोगशाळा मात्र आपली नदी होती.

म्हणजे इंग्रजांच्या आधी इथे काहीच नव्हतं?

होतं, आणि विश्वेश्वरय्या ज्या पांझरेवर आले तिथेच होतं. नदीचं पाणी वाटून घ्यायची ती पद्धत, तिला आपण फड म्हणतो.

तीन-चारशे वर्षांपासून पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांवर एकामागून एक दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यापासून पाट निघतो. त्या पाटाखाली जेवढी जमीन भिजते ते थळ. थळाचे तीन-चार भाग पाडलेले असतात, ते फड. एका फडात एकच पीक: यंदा ऊस असेल तर पुढे दुसरं, अशी फिरती पाळी. जास्तीचं पाणी सांडमातून परत नदीत जातं. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि वर गावाचे पंच. पाटकऱ्याला मोबदला पूर्वी धान्यात मिळायचा.

यातली खरी हुशारी दगडात नाही, वाटणीत आहे. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असतो. पाऊस कमी झाला की पंच ठरवतात, यंदा दोनच फड भिजवायचे. सगळ्यांचं थोडं थोडं कोरडं राहतं, कोणा एकाचं सगळं जळत नाही. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, ही आजच्या प्रत्येक मोठ्या कालव्याची दुखरी नस आहे. फडात ती मोजमापाच्या यंत्राशिवाय सोडवलेली होती. लहानपणी आमच्या गावचा पाटकरी पाटात काठी उभी धरायचा आणि ओल्या झालेल्या भागावर बोट ठेवून बघायचा. तेवढ्यावर कोणत्या चारीला किती वेळ, ते ठरायचं. आज मी मुलांना पाण्याचा वेग आणि खोली मोजायला शिकवतो, तेव्हा ती काठी मला आठवते.

वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि बरेच फड मोडले. काही अजून चालतात.

दुसरी गोष्ट चाळीसगावजवळच्या पाटणची. पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात कोरलेलं आहे. काळ साधारण १२०७. म्हणजे गणित शिकवणारी, राजाश्रय असलेली संस्था खान्देशात आठशे वर्षांपूर्वी होती. तिथे शिकवल्या जाणाऱ्या 'लीलावती'त खड्ड्याची माती मोजायची, विटांचा ढीग मोजायचा, लाकूड चिरण्याचं माप काढायचं अशी प्रकरणं आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर एस्टिमेट.

खड्ड्याचा नियम असा: वरच्या तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ, आणि दोन्हीकडच्या बाजू मिळवून येणाऱ्या आयताचं क्षेत्रफळ, या तिन्हींची बेरीज करून सहाने भागा आणि खोलीने गुणा. आपल्या शेततळ्यावर लावून बघा. वर २० बाय २० मीटर, तळ १४ बाय १४, खोली ३ मीटर. वरचं ४००, तळाचं १९६, आणि ३४ गुणिले ३४ म्हणजे १,१५६. बेरीज १,७५२. सहाने भागले की २९२, तिनाने गुणले की ८७६ घनमीटर. नुसती वरच्या-खालच्या क्षेत्रफळाची सरासरी घेतली तर ८९४ येतं. १८ घनमीटर माती कागदावर जास्त खोदली जाते आणि तिचं बिलही निघतं. आज पुस्तकात याला प्रिझमॉइडल सूत्र म्हणतात. मी वर्गात आधी पाटणचा नियम सांगतो, मग ते नाव.

खान्देशात इंजिनिअरिंग कॉलेजं केव्हा आली?

पदविका देणारी सरकारी पॉलिटेक्निकं आधी आली. जळगाव-धुळ्याच्या पॉलिटेक्निकमधून निघालेल्या ओव्हरसियरांनी आपल्याकडचे कितीतरी रस्ते, पाझर तलाव आणि शाळाखोल्या उभ्या केल्या. डिग्रीची दारं उघडली १९८३ मध्ये. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, आणि त्याच वर्षी धुळ्यात, जळगावजवळ बांभोरीला आणि फैजपूरला कॉलेजं निघाली. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चं. त्या धोरणावर टीका झाली, आणि फीच्या बाबतीत ती खरीही होती. पण माझ्यासारखं पाटकऱ्याच्या गावचं पोर पुण्याला खोली घेऊन राहू शकलं नसतं. हेही तितकंच खरं.

डिग्रीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येतं?

कॉलेज कोणाला जोडलेलं आहे त्यावर अवलंबून. पूर्वी आपण पुणे विद्यापीठाखाली होतो. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला स्थापन झालं, २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. दुसरं आहे लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. १९८९ च्या कायद्याने झालेलं हे विद्यापीठ अलीकडे राज्यभरची कॉलेजं जोडून घेतं आणि खान्देशातलीही कॉलेजं त्याच्याकडे गेली आहेत. प्रवेशाआधी कॉलेजलाच विचारा, जुन्या माहितीपत्रकावर जाऊ नका.

खान्देशात शिकून काय मिळतं जे पुण्यात मिळत नाही?

जमीन. खरंच सांगतो, एवढ्या तऱ्हेतऱ्हेची जमीन दोन तासांच्या एसटी प्रवासात क्वचित दिसते. साक्रीकडे दोन-चार फुटांवर काळा दगड लागतो, आणि त्यातून मैलोन्‌मैल सरळ गेलेल्या कठीण खडकाच्या भिंती आहेत. धुळे-नंदुरबारचे डाइक म्हणून त्या भूगर्भशास्त्रात प्रसिद्ध आहेत. अलीकडच्या विहिरीला पाणी आणि पलीकडची कोरडी, यामागे बऱ्याचदा तीच भिंत असते. तापीकाठी मात्र खोलवर गाळच गाळ. तिथे पुलाचा पाया घ्यायचा तर विहिरीसारखी काँक्रीटची कडी आतून उकरत उकरत खाली उतरवावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याला रावेर-यावलकडे गोटे, खडे, वाळूचा बझाडा पट्टा, पाणी गिळणारा. आणि मध्ये काळी कापसाची जमीन.

या काळ्या जमिनीने मला धडा शिकवला आहे. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. शिंदखेडा तालुक्यातल्या एका कामावर मे महिन्यात कंपाउंड भिंतीचा पाया घ्यायचा होता. जमीन दगडासारखी वाजत होती, पहारीने ठिणगी उडेल अशी. मी तीन फुटांवर पाया बसवला, खाली मुरूम भरला नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीला तिरपी भेग गेली. जागेचे मालक वयस्कर शेतकरी. त्यांनी भेगेत बोट घातलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, आमनी जमीन फुगस." विचारलं असतंस तर सांगितलं असतं, एवढाच त्याचा अर्थ होता. ती चूक माझी होती, आणि ती भेग मी आजही मुलांना फळ्यावर काढून दाखवतो.

ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. घर हलकं असेल तर ती ते उचलते. तपासायला मोठं यंत्र लागत नाही. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती काचेच्या एका मापनळीत पाण्यात टाका, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये. २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो. उपायही आहेत: माती काढून मुरूम भरणं, चुना मिसळणं, किंवा खाली कंदासारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, हालचालीच्या थराच्याही खाली नेऊन रोवणं. ते रुरकीच्याच केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशातल्या मातीसाठी विकसित केले. पुस्तकात हा अर्ध्या पानाचा भाग असतो. शिंदखेड्यात तो अख्खा अभ्यासक्रम आहे.

विद्यापीठाचं काम परीक्षा घेणं आणि डिग्री देणं, एवढंच ना?

एवढंच असेल तर ते छापखाना झालं. राज्यात पाण्यावर संशोधन करणाऱ्या संस्था आहेत: खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून, नाशिकचं मेरी १९५९ पासून, छत्रपती संभाजीनगरचं (पूर्वीचं औरंगाबाद) वाल्मी १९८० पासून. जळगावला तापी पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ पासून आहे. पण तालुक्याच्या पातळीवर माती, खडी, पाणी तपासून देणारं, गावाच्या बंधाऱ्याचं मोजमाप करणारं कोण? ते काम कॉलेजनेच करायला हवं.

उदाहरण सांगतो. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात बोअर दरवर्षी खोल जातात. बझाडा पट्ट्यात तापीच्या पुराचं पाणी जिरवण्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेवर मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झाला. कालवे होतील तेव्हा होतील. पण कोणत्या गावची विहीर पावसाळ्याआधी किती खाली होती आणि नंतर किती वर आली, ही नोंद आजपासून ठेवायला फक्त दोरी, वही आणि दुसऱ्या वर्षाची मुलं लागतात. दहा वर्षांनी ती वही सोन्याच्या मोलाची असेल. शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून बंधाऱ्यांची साखळी उभी राहिली. इतकं खोल खोदावं का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. असा वाद प्रत्यक्ष मोजणी करून सोडवायची जागा म्हणजे विद्यापीठ.

आणखी एक गोष्ट अभ्यासक्रमात असावीच. सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. उकाई धरणाचं पाणीही नवापूरकडे पसरलं. धरणाची उंची ठरवणाऱ्या मुलाला आकडेमोडीबरोबर हे दिसलं पाहिजे की पाण्याची पातळी एक मीटर वर गेली तर नकाशावरची रेष कोणाच्या घरातून जाते. मी मुलांना समोच्च रेषा शिकवतो तेव्हा नर्मदाकाठचाच नकाशा घेतो.

डिप्लोमा करावा की डिग्री?

घरची परिस्थिती बेताची असेल तर दहावीनंतर डिप्लोमा. तीन वर्षांत हाताला काम येतं, आणि पुढे थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला जाता येतं. माझ्या अनुभवात डिप्लोमाहून आलेल्या मुलांचा हात साइटवर चांगला चालतो, गणितात मात्र त्यांना जास्त घाम गाळावा लागतो.

मुलींना सिव्हिल झेपतं का?

झेपतं. केरळच्या पी. के. थ्रेसिया १९७१ मध्ये राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या होत्या. झेपत नाही ते साइटवर मुतारी नसणं. ती सोय करणं कंत्राटदाराचं आणि खात्याचं काम आहे, मुलीचं नाही.

इंग्रजी कच्चं आहे. मराठीतून शिकता येतं का?

२०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून पदवी शिकवायला परवानगी दिली आहे, पण मोजक्याच कॉलेजांत तशी तुकडी असते. बहुतेक ठिकाणी शिकवणं मिश्र आणि पेपर इंग्रजीत. घाबरू नका. पहिल्या वर्षाचे दोन-तीनशे शब्द पाठ झाले की गाडी रुळावर येते. उलट एक शब्दसंपत्ती तुमच्याकडे आधीपासून असते: ओळंबा, गुण्या, जोतं, गिलावा, थापी, खारी माती, धाब्याचं घर. गवंडी याच भाषेत बोलतो. ज्याला ही भाषा येत नाही तो इंजिनिअर साइटवर मुका असतो.

नोकऱ्या आहेत का?

कामं आहेत. मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केला, खर्च १८,०३६ कोटी, आणि तो धुळ्यातून जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मनमाड-जळगाव चौथी आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाइन मंजूर झाली. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजना आहे, चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरच्या औट्रम घाटात पावसाळ्यात दरड कोसळण्याचा कायमचा प्रश्न आहे. पण हेही सांगतो: खासगीत सुरुवातीचा पगार कमी असतो, कधी थकतो, आणि साइट घरापासून लांब असते. सरकारी परीक्षांसाठी दोन-तीन वर्षं सलग बसणारी मुलं पाहिली की मला वाईट वाटतं. त्या काळात एखाद्या कामावर राहून अभ्यास करावा. मोजमाप पुस्तिका हाताने भरलेल्या मुलाची मुलाखत वेगळी होते.

कॉलेज निवडताना नेमकं काय पाहायचं?

इमारत नका पाहू. मागच्या बाजूला असलेल्या काँक्रीटच्या लॅबमध्ये जा. पाण्याच्या टाकीत १५ सेंटिमीटरचे ठोकळे बुडवलेले आहेत का बघा. प्रत्येकावर तारीख लिहिलेली असायला हवी, कारण ठोकळा २८ दिवसांनी फोडायचा असतो. टाकी कोरडी असेल आणि यंत्रावर धूळ असेल तर प्रयोग वहीतच होतात. जमलं तर एक ठोकळा फोडताना बघा. एम-२० प्रतीच्या काँक्रीटच्या ठोकळ्याने निदान ४५ टन भार तरी घ्यायला हवा. काटा चढत जातो, बराच वेळ काही होत नाही, मग बारीक कट्‌कट्‌ आवाज येतो, चारी बाजूंच्या खपल्या सुटतात आणि मध्ये डमरूसारखा आकार उरतो. ते बघताना मुलाचे डोळे कुठे आहेत ते पाहा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

सर्व्हे कॅम्प कुठे नेतात, तेही विचारा. कॉलेजच्या मैदानावर उरकत असतील तर दुसरं कॉलेज बघा.

फड पाहायचा असेल तर कधी आणि कसा?

दिवाळीनंतर, रब्बीचं पाणी चालू असताना. धुळ्याहून साक्रीकडे पांझरेच्या काठाने जा आणि कोणत्याही गावात पाटकऱ्याचं घर विचारा. सकाळी लवकर जा, नंतर तो पाटावर निघून जातो. सोबत टेप आणि वही न्या. बंधाऱ्यावर बूट काढून चढा, शेवाळाने निसरडं असतं. आणि तो पाणी कोणत्या चारीला किती वेळ सोडतो, ते घड्याळ लावून लिहून घ्या.